बोर्डो : नावाची किंमत, चवीची पारख

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १८५५ साली वाईनची एक यादी तयार झाली. आज १७० वर्षांनंतरही त्या यादीतील नावांना जगभर मान आहे. वाईनचा पेला आधी पाहायचा, मग हुंगायचा आणि शेवटी चाखायचा, ही रीतही याच भागात मुरली. पण त्या मोठ्या नावांच्या शेजारीच लहान शेतकरी आपल्या बागा उपटून टाकत आहेत. त्या परिसराची ही ओळख.

बोर्डो शहरात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्याला द्राक्षबागा दिसत नाहीत. दिसते ती नदी. गारोन नावाची ही रुंद नदी शहराच्या अगदी कुशीतून वळण घेत जाते. तिचे पाणी निळे नाही, मातकट आहे, आपल्याकडे पावसाळ्यात पूर ओसरताना असते तसे. समुद्र दूर असूनही भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत येते. नदीच्या वळणाचा आकार चंद्रकोरीसारखा असल्यामुळे या बंदराला फार पूर्वीपासून ‘चंद्राचे बंदर’ म्हणतात. २००७ साली युनेस्कोने याच नावाने शहराचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

नदीकाठी अठराव्या शतकातील मधाच्या रंगाच्या दगडी इमारतींची लांबच लांब रांग आहे. त्यांच्यासमोर २००६ मध्ये काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर पाण्याचा पातळ थर सोडून ‘जलदर्पण’ तयार केले आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यात समोरचे सारे वाडे उलटे दिसतात आणि मुले अनवाणी धावत असतात. या देखण्या वाड्यांमागे मात्र काळी बाजूही आहे. इथली श्रीमंती नुसत्या द्राक्षांवर उभी राहिली नाही. कॅरिबियन बेटांतली साखर, कॉफी आणि आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचा व्यापार यांतूनही इथे पैसा आला. शहराने हे आता लपवलेले नाही. इथल्या आक्विटेन संग्रहालयात त्यासाठी स्वतंत्र दालने आहेत आणि २०१९ मध्ये मोदेस्त तेस्तास या गुलाम स्त्रीचा पुतळा नदीकाठी उभारण्यात आला.

वाईन आणि बंदर यांचे नाते मात्र त्याहूनही जुने. ११५२ मध्ये आक्विटेनची डचेस एलिनॉर हिने हेन्रीशी विवाह केला. दोनच वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि हा सारा मुलूख इंग्लंडच्या गादीशी जोडला गेला. १४५३ पर्यंत, म्हणजे तब्बल तीनशे वर्षे, इथली वाईन जहाजे भरभरून इंग्लंडला जात राहिली. इंग्रज या वाईनला आजही ‘क्लॅरेट’ म्हणतात. बोर्डोने वाईन पिकवली, पण तिची बाजारपेठ समुद्रापलीकडे होती, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दगडगोट्यांची जमीन

शहरातून उत्तरेकडे निघालो की गारोन आणि दोरदोन्य या दोन नद्यांचा संगम लागतो. तिथून पुढे त्यांची जिरोंद खाडी होते. या खाडीच्या डाव्या काठाला जो चिंचोळा पट्टा आहे, तो मेदोक. डी-२ नावाचा साधा दुपदरी रस्ता मार्गो, सँ-जुलियाँ, पॉइयाक आणि सँतेस्तेफ या गावांतून जातो. गावे अगदी छोटी. एखादे चर्च, एखादी पावाची बेकरी आणि दुपारी सारे सामसूम. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागणाऱ्या पाट्या वाचताना जगातील सर्वात महागड्या वाईनची नावे एकामागून एक येऊ लागतात. त्यातलेच एक नाव वाचून मराठी माणूस हमखास दचकतो. ते नाव म्हणजे ‘शातो लातूर’! आपल्या लातूरशी त्याचा काही संबंध नाही. फ्रेंच भाषेत ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. गंमत अशी की मूळ बुरूज केव्हाच नाहीसा झाला. पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो गोल मनोरा म्हणजे खरे तर सतराव्या शतकातील कबुतरखाना आहे.

बागेत उतरून पाहिले तर माती जवळजवळ दिसतच नाही. पायाखाली असतात गोटे. सुपारीएवढे, लिंबाएवढे, कुठे मुठीएवढे. लाखो वर्षांपूर्वी नद्यांनी डोंगरांतून वाहून आणलेले हे गोटे दुसऱ्या पिकाला निरुपयोगी. द्राक्षाला मात्र ते वरदान ठरले. पावसाचे पाणी त्यांच्यातून झरकन खाली जाते, त्यामुळे मुळांना पाण्याच्या शोधात खोल उतरावे लागते. दिवसभर तापलेले गोटे रात्री हळूहळू ऊब देतात. पूर्वी हा भाग दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांनी चर खणून पाण्याला वाट करून दिली, तेव्हा कुठे या टेकाडवजा जमिनींची खरी किंमत कळली. ज्या बागेतून नदी दिसते तीच बाग उत्तम, असे इथले जुने लोक सांगतात.

नाशिक किंवा सांगलीच्या बागायतदाराला इथे काही गोष्टी नवलाच्या वाटतील. मांडव नाही. वेली कमरेएवढ्याच उंच. हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली आणि एका वेलीपासून जेमतेम एक बाटली, कधी तेवढीही नाही. ठिबकच्या नळ्या शोधूनही सापडत नाहीत, कारण फळावर आलेल्या बागेला पाणी देण्यावर नियमांची कडक बंधने आहेत. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते आणि छाटणी एकदाच.

पण ओळखीच्या खुणाही कमी नाहीत. आपला बागायतदार केवडा रोगावर ज्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करतो, त्याचे जन्मस्थान हेच. इथले काही शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडत. रोगासाठी नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरून खाऊ नयेत म्हणून! १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानात आले की, सँ-जुलियाँमध्ये अशा शिंपडलेल्या वेलींची पाने तेवढी हिरवी राहिली आहेत, बाकी बाग केवड्याने झडली आहे. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तसेच दुसरे नाते खुंटाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील बागांची मुळे पोखरून काढली. शेवटी अमेरिकन खुंटावर फ्रेंच जातींचे कलम बांधणे हाच उपाय ठरला. आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

तेरा दिवसांत झालेली यादी

१८५५ साली तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरवले. तिथे बोर्डोची वाईन मांडायची होती. बोर्डोच्या व्यापारी मंडळाने ५ एप्रिलला शहरातील वाईनच्या दलालांकडे यादी मागितली. १८ एप्रिलला यादी तयार झाली. इतक्या थोड्या दिवसांत कोण किती वाईन चाखणार? दलालांनी चाखत बसण्याऐवजी आपल्या वह्या उघडल्या. कोणत्या मळ्याची वाईन वर्षानुवर्षे कोणत्या भावाने विकली जाते, ते पाहिले आणि त्या भावानुसार पाच वर्ग पाडले.

पहिल्या वर्गात चारच नावे होती : लाफित, लातूर, मार्गो आणि शहरालगतचे ओ-ब्रियाँ. यातली कोणतीही नवखी नव्हती. लंडनच्या सॅम्युएल पेप्सने १६६३ च्या आपल्या रोजनिशीत ओ-ब्रियाँची नोंद केली आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ मध्ये इथे आले, तेव्हा त्यांनीही हीच चार नावे अग्रभागी लिहून ठेवली.

यादी खरे तर एका प्रदर्शनापुरती होती. पण ती टिकली. आज तीत लाल वाईनची ६१ नावे आहेत. त्यांतली ६० मेदोकची आहेत आणि ओ-ब्रियाँ तेवढे बाहेरचे. सोतेर्न भागातील गोड पांढऱ्या वाईनची यादी वेगळी. वर्गात बढती मिळण्याचा प्रसंग इतक्या वर्षांत एकदाच आला. पॉइयाकच्या ‘मूतों’ला दुसऱ्या वर्गात बसवले होते. फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२२ मध्ये, विशीत असताना, मळा ताब्यात घेतला आणि अर्धे शतक पाठपुरावा केला. अखेर १९७३ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांनी सही केली आणि मूतों पहिल्या वर्गात आले. याच मूतोंच्या बाटलीवर १९४५ पासून दरवर्षी नव्या चित्रकाराचे चित्र छापतात. १९७३ च्या बाटलीवर पिकासोचे चित्र आहे, तर २००९ च्या बाटलीवर मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे.

यादीतली एक मेख मात्र ध्यानात घ्यायला हवी. दर्जा जमिनीला नाही, मळ्याच्या नावाला आहे. एखाद्या ‘शातो’ने त्याच गावातील शेजारची जमीन विकत घेतली तर तिथली द्राक्षेही मानाच्या बाटलीत जाऊ शकतात. उलट पाचव्या वर्गातील ‘लिंश-बाज’ किंवा तिसऱ्या वर्गातील ‘पाल्मेर’ यांना बाजारात त्यांच्या वर्गाहून कितीतरी वरचा भाव मिळतो. पलीकडच्या काठावर पोमरोल भागात कसलेच वर्गीकरण नाही आणि तरीही तिथले ‘पेत्रुस’ जगातल्या सर्वात महाग वाईनमध्ये गणले जाते.

सँतेस्तेफचा ‘महाराजा’

पॉइयाक ओलांडून सँतेस्तेफच्या हद्दीत शिरताच टेकाडावर एक अजब इमारत दिसते. पॅगोडासारखे निमुळते मनोरे, पौर्वात्य नक्षी, हत्तींच्या आकृती आणि दर्शनी बाजूला झांजिबारच्या राजवाड्यातून आणलेला म्हणतात असा कोरीव दरवाजा. फ्रान्सच्या खेड्यात हे कुठून आले?

हे ‘कॉस देस्तुर्नेल’. लुई-गास्पार देस्तुर्नेल या हौशी मालकाने ते उभारले. तो आपली वाईन जहाजाने पार हिंदुस्थानपर्यंत पाठवत असे. न खपलेली पिंपे परत येत, तेव्हा महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासाने वाईन मुरून अधिक चांगली झाल्याचे त्याच्या लक्षात आले आणि अशा बाटल्यांवर तो खास खूण करू लागला, असे सांगतात. पूर्वेच्या या ओढीमुळे लोकांनी त्याचे नावच ‘सँतेस्तेफचा महाराजा’ ठेवले. त्या पॅगोडात कोणी राहत नसे. आत होती ती वाईनची पिंपे.

महाराजाचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. कर्जापायी १८५२ मध्ये त्याला मळा विकावा लागला आणि १८५३ मध्ये तो वारला. दोनच वर्षांनी यादी लागली आणि कॉस देस्तुर्नेलला दुसऱ्या वर्गाचा मान मिळाला. तो पाहायला देस्तुर्नेल उरला नव्हता.

पिंपातले दोन हिवाळे

सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. मोठ्या मळ्यांत घड हातांनी खुडतात, देठ काढतात, सडके-कच्चे मणी वेचून टाकतात आणि मग रस सालींसकट मोठ्या टाक्यांत आंबवतात. द्राक्षाचा गर लाल नसतो. रंग आणि तुरटपणा येतो तो सालींतून. म्हणून रस सालींबरोबर किती दिवस ठेवायचा, हा फार कौशल्याचा भाग.

मेदोकची वाईन बहुधा एका जातीची नसते. काबेर्ने सोव्हिन्यों ही इथली मुख्य जात. तिच्यामुळे अंगकाठी आणि टिकाऊपणा येतो. मेर्लो मऊपणा देते. थोडी काबेर्ने फ्रां आणि चिमूटभर पती व्हेर्दो. कोणते पिंप किती मिसळायचे ते दरवर्षी चाखून ठरवतात. आपल्याकडे मसाला कुटताना जाणती बाई धणे-मिरचीचे प्रमाण वासावरून ठरवते, तसेच हे. जे पिंप मुख्य वाईनला शोभत नाही ते ‘दुसऱ्या’ नावाखाली कमी किमतीत विकले जाते.

त्यानंतर वाईन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष राहते. एका पिंपात सुमारे तीनशे बाटल्या. दर काही महिन्यांनी ती तळाचा साका मागे ठेवून दुसऱ्या पिंपात काढायची. नितळ करण्यासाठी जुन्या पद्धतीत प्रत्येक पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. उरलेल्या पिवळ्या बलकातूनच ‘कानले’ ही बोर्डोची प्रसिद्ध मिठाई जन्मली, अशी आख्यायिका आहे. शाकाहारी प्रवाशांनी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

गमतीचा भाग म्हणजे, वाईन पिंपात असतानाच विकली जाते. काढणीनंतरच्या वसंतात जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येऊन कोवळी वाईन चाखतात, भाव फुटतो आणि ग्राहक आज पैसे मोजून दोन वर्षांनी बाटली मिळण्याची वाट पाहतो.

पाहा, हुंगा, मग चाखा

पॉइयाकच्या एका वर्गीकृत शातोत आमच्यापुढे दोन पेले ठेवले गेले. एकात दोन-तीन वर्षांची वाईन, दुसऱ्यात पंधरा वर्षांपूर्वीची. तळघर दाखवणाऱ्या बाईंनी आधी सांगितले, ‘घाई करू नका.’ पेला ट्यूलिपच्या कळीसारखा, वर निमुळता. तो एकतृतीयांशच भरलेला. तळाची दांडी धरायची, म्हणजे हाताची ऊब लागत नाही.

पहिली पायरी डोळ्यांची. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरायचा. कोवळ्या वाईनचा रंग पिकल्या जांभळासारखा गडद, कडेपर्यंत जांभळट. जुन्या वाईनची कड विटकरी झालेली. वर्षे जातात तसे रंगद्रव्य आणि तुरट अंश एकमेकांना चिकटून तळाशी साका होऊन बसतात आणि रंग फिका पडतो. म्हणून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात मान न्याहाळत सावकाश काचेच्या सुरईत ओततात. साका दिसला की ओतणे बंद.

दुसरी पायरी नाकाची आणि तीच सर्वात महत्त्वाची. आधी पेला न हलवता हुंगायचा, मग गोल फिरवून पुन्हा. इथले लोक ‘कासिस’चा वास येतो म्हणतात. ते काळ्या बोरीसारखे फळ आपल्याकडे होत नाही. आपल्याला आठवते ते जांभूळ आणि काळ्या मनुका. पण जुन्या पेल्यातला एक वास मात्र चटकन ओळखता आला. शाळेत नव्या पेन्सिलला टोक काढताना येतो तोच! त्यामागोमाग देवदाराचे लाकूड, तंबाखूचे कोरडे पान, पहिल्या पावसानंतरची जमीन. पॉइयाकच्या वाईनचे वर्णन जाणकारही असेच करतात.

तिसरी पायरी जिभेची. छोटा घोट तोंडभर खेळवायचा, थोडी हवा आत ओढायची. कोवळ्या वाईनने हिरड्या आणि गाल आवळले गेले, कच्ची सुपारी चघळल्यासारखे. हा ‘टॅनिन’चा प्रताप. आवळा, हिरडा आणि कोऱ्या चहाचा जो तुरटपणा, तोच हा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते, त्यामुळे तोंड कोरडे पडते. मांसाच्या पदार्थाबरोबर ते सौम्य लागते, म्हणून पॉइयाकच्या कोकराचे मांस आणि इथली वाईन ही जोडी जमली. जुन्या पेल्यात तुरटपणा होता, पण घासून गुळगुळीत केलेल्या लाकडासारखा.

शेवटी घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहायचे. फ्रेंचांनी यासाठीही माप केले आहे. एक सेकंद म्हणजे एक ‘कोदाली’. आणि हो, परीक्षक घोट गिळत नाहीत. शेजारच्या भांड्यात थुंकतात. पाहुण्यांनीही तसे केले तर कोणी वावगे मानत नाही. पारखण्यासाठी पिण्याची गरज नाही, हे इथे पहिल्याच दिवशी कळते.

डोळे आणि नाव जिभेला फसवतात

चवीची ही एवढी शिस्त, तरीही माणूस किती फसतो! २००१ साली बोर्डोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन करताना लाल वाईनचे शब्द वापरले. नाक काही तरी सांगत होते, पण डोळ्यांनी त्याचे ऐकू दिले नाही.

त्याआधी, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून बोर्डोच्या आणि कॅलिफोर्नियाच्या लाल वाईन ठेवल्या गेल्या. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या ‘स्टॅग्ज लीप’ला मिळाला. मूतों आणि ओ-ब्रियाँ मागे पडल्या. नावावर विश्वास ठेवण्याची सवय भामट्यांनाही उपयोगी पडते. दुर्मिळ जुन्या वाईनच्या बनावट बाटल्या धनिकांना विकणारा एक जण २०१३ मध्ये अमेरिकेत दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे ती यादी खोटी का? तसेही नाही. दगडगोट्यांची जमीन, पाण्याचा निचरा, पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत हे सारे खरे आहे. मोठ्या भावामुळे चांगल्या मळ्यांना वाईट वर्षी अर्धे पीक बाजूला काढणेही परवडते. फक्त शंभर पट किंमत म्हणजे शंभर पट चव नव्हे, एवढे भान ठेवले की पुरे.

मोठ्या नावांच्या सावलीत

पर्यटकाला डी-२ रस्त्यावर दिसतात ते वाडे आणि गुलाबाची झुडपे. पण बोर्डोच्या एकूण बागांत वर्गीकृत मळ्यांचा वाटा अगदी लहान. बाकीचे हजारो शेतकरी साधी वाईन पिकवतात, जी दुकानात काही युरोंना मिळते. पहिल्या वर्गाच्या एका बाटलीला मात्र शेकडो युरो पडतात.

या साध्या वाईनचे दिवस सध्या वाईट आहेत. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन प्यायली जाई. आता ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आले आहे. तरुण पिढी कमी पिते, बाहेरची मागणीही घटली. ठोक बाजारात भाव इतका पडला की खर्चही निघेना. डिसेंबर २०२२ मध्ये शेतकरी बोर्डोच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन उतरले. २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ७० लाख युरोंची योजना जाहीर झाली. ती होती बागा लावण्यासाठी नव्हे, तर उपटण्यासाठी! हेक्टरी ६,००० युरो घेऊन सुमारे ९,५०० हेक्टर बागा काढून टाकायच्या. आजोबांनी लावलेली वेल यंत्राने मुळासकट काढून ढीग पेटवण्याचे दुःख काय असते, ते द्राक्षबागेवर कुऱ्हाड चालवावी लागलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

त्यात हवामानाने आणखी भर घातली आहे. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोवळे कोंब दहिवराने जळाले. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत मेणाचे डबे पेटवून ऊब दिली. जून २०२२ मध्ये गारपिटीने झोडपले. उन्हाळे तापू लागल्याने काढणी अलीकडे सरकली. साध्या बोर्डो वाईनसाठी २०२१ पासून पोर्तुगालच्या तूरिगा नासियोनालसह काही नव्या जाती थोड्या प्रमाणात लावण्यास परवानगी मिळाली आहे.

आपल्याकडेही नाशिकच्या टेकड्यांवर काबेर्ने सोव्हिन्योंच्या बागा उभ्या आहेत, आणि बंगळूरजवळच्या नंदी हिल्स परिसरातील वाईनसाठी बोर्डोचे तज्ज्ञ मिशेल रोलाँ यांनी सल्ला दिला. त्यामुळे तिथली कहाणी आपल्याला अगदी परकी नाही. भाव पिकवणाऱ्याच्या हातात नसतो, हे दोन्हीकडे सारखेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाईन कितीही उंची असली तरी तिच्यात बारा-चौदा टक्के मद्यार्क असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे सांगितले आहे. फ्रान्सनेही १९९१ च्या कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली. बोर्डो पाहायला पिणारेच असले पाहिजे असे मुळीच नाही. इतिहास, शेती आणि नदी एवढ्यासाठीही ही सहल करावी.

जायचे असेल तर

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून वेगवान रेल्वे साधारण दोन तासांत बोर्डोला पोचवते. शहरात ट्रामची सोय उत्तम आहे. मार्गो आणि पॉइयाकला स्थानिक रेल्वे जाते. कॉस देस्तुर्नेल आणि आडबाजूचे मळे पाहायचे तर भाड्याची गाडी किंवा बससहल बरी. मात्र चाखणाऱ्याने गाडी चालवू नये.

मे-जून आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे दिवस सुखाचे. काढणीच्या काळात अनेक शातो पाहुण्यांना घेत नाहीत. एरवीही आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. नुसते फाटकाबाहेरून पाहायचे तर मार्गोची झाडांची राई आणि टोकाचा खांबांचा वाडा चुकवू नका.

मुले बरोबर असतील तर २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सिते द्यू व्हँ’ हे वाईनचे संग्रहालय जरूर पाहावे. तिथे वासांचे खेळ आहेत आणि आठव्या मजल्यावरून नदीचे वळण दिसते. मोठ्यांच्या हाती वाईनचा पेला येतो, तेव्हा मुलांना द्राक्षाचा रस मिळतो. तोही आधी हुंगून मग प्यायला सांगा. मुलांचे नाक मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असते, कारण त्यांना बाटलीवरचे नाव ठाऊक नसते.